फळबागेतील पतंगवर्गीय किडींचा हंगाम
(चोपडे, तालुका पेडणे येथील बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शापोरा नदीच्या उत्तर तीरावर, शिवोलीच्या समोर वसलेल्या चोपडे गावाची जमीन तीन पट्ट्यांत विभागलेली आहे. नदीला लागून खाजन जमिनी, त्यांच्या वरच्या अंगाला नारळाची भाटे आणि त्याहून वर जांभ्या दगडाच्या डोंगरउतारावर काजू. घराभोवतीच्या परसात आंबा, फणस, चिकू, पेरू, लिंबू अशी झाडे असतात. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील बहुतेक गावांचे चित्र थोड्याफार फरकाने असेच आहे. संपूर्ण गोव्याचा विचार केला तर काजूखालील क्षेत्र सुमारे पंचावन्न हजार हेक्टर असून इतके मोठे क्षेत्र राज्यातील दुसऱ्या कोणत्याही पिकाखाली नाही. काजूची बी आणि बोंडू या दोहोंवर अनेक कुटुंबांची वर्षाची जुळवाजुळव अवलंबून असते. हा हंगाम फेब्रुवारीअखेर ते मे असा जेमतेम तीन महिन्यांचा. म्हणून त्या तीन महिन्यांत काय हाती येणार, याचा निर्णय आधीच्या पाच-सहा महिन्यांत झाडावर काय घडते त्यावरून होतो.

बागेतील नुकसानीची तक्रार बहुधा उशिरा पुढे येते. मोहोर वाळलेला दिसतो, कोवळी बी काळी पडून गळते, नारळाची झावळ करपल्यासारखी होते, तेव्हा शेतकरी औषधाच्या दुकानाकडे धाव घेतो. परंतु त्या वेळी नुकसान करणारी अळी आपले काम आटोपून मातीत किंवा पानाच्या गुंडाळीत कोषात गेलेली असते. झालेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मधमाश्या आणि उपकारक कीटक मात्र तिने मरतात. हा खर्च आणि ही हानी टाळावयाची असेल, तर पतंगवर्गीय किडी केव्हा येतात व का येतात, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पतंगाचे चार जन्म

पतंग आणि फुलपाखरू हे एकाच वर्गातील कीटक होत. दोघांच्याही पंखांवर बारीक खवले असतात. बोटाला लागणारी भुकटी ती हीच. पतंग बहुधा रात्री उडतो. त्याच्या आयुष्यात अंडी, अळी, कोष आणि पतंग अशा चार अवस्था असतात. यांपैकी खाण्याचे, म्हणजेच नासधूस करण्याचे काम अळी करते. पतंगाचे काम जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे एवढेच असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी घरातील दिव्याभोवती पंखांच्या किड्यांची जी झुंबड उडते, तिला पुष्कळजण पतंग समजतात. सकाळी जमिनीवर नुसत्या पंखांचा सडा दिसला तर ती वाळवी होय, पतंग नव्हे. तसेच काजूच्या कोवळ्या फांदीवर डाग पाडून ती वाळवणारा ढेकण्या हा रस शोषणारा ढेकूणवर्गीय कीटक आहे, आणि काजूच्या बुंध्यात भुसा काढणारा खोडकिडा ही भुंगेऱ्याची अळी आहे. या दोन्ही किडी काजूच्या मोठ्या शत्रू आहेत. पण त्यांचे उपाय वेगळे. शत्रूची ओळख चुकली की उपायही वाया जातो. म्हणून कीड कोणत्या जातीची, हा पहिला प्रश्न. औषध कोणते, हा शेवटचा.

थंड देशांचा नियम आणि कोकणपट्टीचा नियम

फळबागेतील पतंगांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो सफरचंदाच्या बागांत. सफरचंद पोखरणारी कॉडलिंग मॉथ नावाची कीड युरोप-अमेरिकेत सर्वत्र असून भारतात ती लडाखमध्ये आढळते. तेथे कडक हिवाळ्यात अळी सालीखाली कोशेटे करून निपचित पडून राहते. वसंतात ऊब वाढू लागली की ती कोषात जाते व पतंग बाहेर पडतात. त्यामुळे तेथील बागायतदार रोजच्या तापमानाचा हिशेब ठेवून पतंग केव्हा उडतील याचा अंदाज बांधू शकतो.

या अंदाजाला जोड मिळाली ती गंधसापळ्याची. पतंगाची मादी एक विशिष्ट गंध सोडते आणि त्या गंधाच्या मागावर नर दूरवरून येतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंगांपासून असे द्रव्य वेगळे काढून 1959 साली त्याची घडण उलगडून दाखविली. त्यानंतर अनेक किडींचे गंध प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. अशा गंधाची लहानशी गोळी ठेवलेल्या सापळ्यात नर सापडू लागले की, हंगाम सुरू झाला असे समजतात.

गोव्यात आणि कोकणात मात्र हिवाळा इतका सौम्य असतो की, थंडीने पतंगाची वाढ थांबत नाही. येथे त्याचा हंगाम ठरतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी: पाऊस आणि झाडाची पालवी. जून ते सप्टेंबर या काळात कोसळणाऱ्या पावसाने पुष्कळ अंडी व लहान अळ्या धुऊन जातात; दमट हवेत वाढणाऱ्या बुरशीनेही त्या मरतात. पाऊस ओसरला की झाडे कोवळी पालवी काढतात. कोवळे पान मऊ आणि रसाळ असते. जून पान चिवट असते, अळीच्या जबड्यांना ते सोसत नाही. म्हणून अनेक पतंगांची मादी अंडी घालते ती कोवळ्या पालवीवर, नाही तर कोवळ्या मोहोरावर. यातून बागायतदाराला एक सोपा नियम हाती लागतो. झाडाने पालवी काढली की कीड शोधावयास आरंभ करावा. पालवीचा, मोहोराचा आणि फळधारणेचा असा प्रत्येक टप्पा हा एकेका किडीचा टप्पा असतो.

पावसाळा: जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात बागेत जाणे होत नाही, म्हणून या काळात कीड नसते असे मानण्याची पद्धत आहे. ती बरोबर नाही. साल खाणाऱ्या अळीचे पतंग पावसाच्या तोंडाशी बाहेर पडून झाडाच्या सालीच्या फटींत अंडी घालतात. आंबा, फणस, पेरू, चिकू, जांभूळ, काजू अशा अनेक झाडांवर ही कीड असते. तिची वर्षातून एकच पिढी होते, आणि अळीची अवस्था नऊ-दहा महिने चालते. दिवसा ती खोडातील भोकात दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. आपल्या वाटेवर ती रेशमी धागा, भुसा व विष्ठा यांची पट्टी विणते. ही तांबूस-काळी जाळीदार पट्टी फांद्यांच्या बेचक्यात दिसली की किडीची खात्री पटावी. जून-जुलैत अळी इतकी लहान असते की ती दिसत नाही. चवथीच्या सुमारास ही पट्टी नजरेस येऊ लागते. त्या वेळी जाळी झाडून टाकून भोकात तार घातली, किंवा रॉकेलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा भोकात कोंबून वरून माती लिंपली, तर एका माणसाला एका सकाळी पुष्कळ झाडे साफ करता येतात. तेच काम मार्चपर्यंत लांबविले तर फांदी पोखरून गेलेली असते.

आता वर सांगितलेल्या अपवादाकडे वळावयाचे. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून फळांतील रस शोषणारा पतंग सक्रिय होतो. याच्या बाबतीत नासधूस करतो तो स्वतः पतंग, अळी नव्हे. हा आकाराने मोठा असतो. पुढचे पंख वाळक्या पानासारखे आणि मागचे नारिंगी असून त्यांवर काळे ठिपके किंवा पट्टे असतात. त्याची सोंड टोकाला कठीण व काटेरी असते. रात्री तो पिकू लागलेल्या फळाला सोंडेने भोक पाडून रस पितो. भोक टाचणीएवढे असते, परंतु त्यातून बुरशी आत शिरते, भोवतालचा भाग मऊ व तपकिरी होतो आणि फळ गळून पडते.

या किडीचा सर्वांत परिचित फटका महाराष्ट्रात नागपूर भागातील संत्र्याला बसतो. तेथे आंबिया बहराची फळे पक्व होत असताना, ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात, हा पतंग बागांत येतो. त्या बागांतील अनुभवाने एक गोष्ट स्पष्ट झाली आहे: या पतंगाची अळी संत्र्याच्या झाडावर वाढतच नाही. ती वाढते बांधावरच्या व रानातल्या वेलींवर. गुळवेल, जिला गोव्यात अमृतवेल म्हणतात, आणि वासनवेल या तिच्या आवडत्या वेली होत. म्हणजे बागेतील झाडावर कितीही फवारणी केली तरी कीड उगम पावते ती बांधाबाहेर. लिंबू, पेरू, डाळिंब अशा परसातील फळांना गोव्यात हाच धोका संभवतो. अमृतवेल ही औषधी वनस्पती आहे. ती सरसकट उपटून टाकण्याचे कारण नाही. परंतु बागेला अगदी लागून असलेल्या वेलींवर पावसाळ्यात लक्ष ठेवावे. अंगाच्या बाजूला डोळ्यासारखे ठिपके असलेल्या, कमान करून चालणाऱ्या अळ्या दिसल्यास वेचून नष्ट कराव्यात. फळे तयार होऊ लागली की त्यांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधाव्यात, आणि गळलेली फळे रोज उचलून पुरावीत; कारण कुजणाऱ्या फळांच्या वासावर आणखी पतंग येतात.

पालवी: ऑक्टोबर ते डिसेंबर

पाऊस संपून दिवाळीची चाहूल लागते, तेव्हा काजूवर तांबूस-हिरवी पालवी फुटते. वर्षातील सर्वांत महत्त्वाची पाहणी या वेळी करावयाची असते.

पहिली कीड पाने पोखरणारी अळी. तिचा पतंग अगदी लहान, करड्या रंगाचा असतो. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून मधला हिरवा भाग खाते. प्रथम नागमोडी रेघ दिसते, पुढे त्या जागी पांढुरका फोड येतो, आणि पान जून झाले की तेथे भोक पडते. लहानपणी फिकट असलेली अळी पूर्ण वाढल्यावर लालसर होते. मोठ्या झाडाला तिच्यापासून फारसा अपाय होत नाही. नव्याने लावलेल्या कलमांच्या बाबतीत मात्र दुर्लक्ष करू नये. कारण त्यांची बहुतेक पाने कोवळीच असतात.

दुसरी कीड पाने व मोहोर गुंडाळणारी अळी. ती शेंड्याची कोवळी पाने रेशमी धाग्याने एकमेकांना चिकटवून आत राहते आणि मोहोर आला की त्याच जाळ्यात त्यालाही ओढून घेते. जाळ्यात विष्ठेचे काळपट कण अडकलेले दिसतात. पालवीवर वाढलेली पिढी मोहोरावरील पिढीला जन्म देते, ही लक्षात ठेवण्याची मुख्य बाब होय. नोव्हेंबरमध्ये दहा जाळी हाताने काढून टाकली तर जानेवारीत मोहोरावर येणारी किती तरी जाळी टळतात. बांबूच्या काठीला आकडी बांधून मुलेही हे काम करू शकतात. काढलेली जाळी तेथेच न टाकता एकत्र करून जाळावीत.

आंब्यावर याच सुमारास शेंडा पोखरणारी अळी येते. मादी कोवळ्या पानांवर अंडी घालते. अळी आधी पानाच्या मधल्या शिरेत शिरते व तेथून शेंड्यात उतरून तो आतून पोकळ करते. शेंडा मान टाकतो व वाळतो. नव्या कलमांची वाढ खुंटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. सुकलेला शेंडा किडलेल्या भागाच्या थोडा खाली छाटून नष्ट करणे, हा साधा उपाय वेळेवर केला तर पुरतो.

मोहोर व फळ: जानेवारी ते मे

काजूला फळ धरू लागले की बोंडू व बी पोखरणारी अळी दिसू लागते. बी आणि बोंडू जेथे चिकटलेले असतात, किंवा दोन फळे एकमेकांना टेकलेली असतात, तेथे ती जाळी करते आणि आत शिरते. कोवळी बी सुरकुतते व गळते; बोंडू आकाराने वेडावाकडा होतो. कोषात जाण्यासाठी ही अळी जमिनीवर उतरते. यावरून दोन कामे ठरतात. गळलेली किडकी बी व बोंडू झाडाखाली राहू न देता वेचून नष्ट करावेत, आणि झाडाखालची माती वरवर हलवून कोष उघडे पाडावेत. उन्हाने आणि पक्ष्यांनी त्यांचा निकाल लागतो. गोव्यात बोंडू जमिनीवरूनच वेचण्याची पद्धत असल्यामुळे निम्मे काम आपोआप होते. किडका माल वेगळा काढण्याची सवय तेवढी अंगी बाणली पाहिजे.

फणसाच्या कोवळ्या शेंड्यांत, कळ्यांत व फळांत शिरणारी अळी याच दिवसांतली. दोन फणस एकमेकांना टेकतात तेथे ती प्रथम शिरते. म्हणून घोसातील फळे विरळ करावीत. चिकूची कथा थोडी वेगळी आहे. चिकूला वर्षभर थोडीथोडी फुले-फळे येत असल्याने तिच्या किडींनाही वर्षभर अन्न मिळते. कळी पोखरणारी आणि पाने गुंडाळणारी या अळ्या जुन्या परिचयाच्या आहेत. पालघर जिल्ह्यातील डहाणू-घोलवड पट्ट्यात बी पोखरणाऱ्या अळीनेही बागायतदारांना त्रास दिला आहे. ती फळ अगदी लहान असताना आत शिरते, बी खाते, आणि फळ तयार झाल्यावर भोक पाडून बाहेर पडते. तोपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही. नवीन कीड एका भागातून दुसऱ्या भागात जाते ती बहुधा फळांबरोबर आणि कलमांबरोबर. कलमे आणताना ती पारखून घेण्याचे महत्त्व यातच आहे.

नदीकाठच्या भाटांतील नारळावर पालवीचा नियम लागू होत नाही. नारळाची काळ्या डोक्याची अळी कोवळ्या पानांऐवजी खालच्या जून झावळांवर राहते. पात्याच्या खालच्या बाजूस रेशीम व विष्ठा यांचा बोगदा करून ती आतल्या आत हिरवा भाग खरवडते. अंड्यापासून पतंगापर्यंत सुमारे दोन महिने लागतात. कोरडी हवा तिला मानवते. जानेवारी ते मे हा तिचा जोर, पाऊस पडू लागला की तिची संख्या घटते. लांबून पाहिले तर माडाच्या खालच्या झावळा आगीने होरपळल्यासारख्या दिसतात. पण तोवर फार झालेले असते. आरंभीची खूण वर चढणाऱ्यालाच दिसते, आणि दर पाड्याला माडावर चढणारा पाडेली हा या बाबतीत सर्वांत चांगला निरीक्षक आहे. पाडा करताना चार-दोन झावळा उलटून पाहण्यास त्याला सांगावे. किडलेल्या खालच्या दोन-तीन झावळा तोडून जाळल्याने प्रादुर्भाव पसरत नाही. त्यापुढचा उपाय म्हणजे गोनिओझस नावाची लहानशी परोपजीवी गांधीलवर्गीय माशी. ती अळीला दंश करून तिच्या अंगावर अंडी घालते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या या माश्या बागेत सोडण्याचे काम दक्षिण भारतात दीर्घकाळ चालत आले आहे.

औषधांबद्दल सावधगिरी

किडींच्या भीतीने केलेली फवारणी कोठवर जाते, याचा धडा केरळच्या कासरगोड जिल्ह्याने दिला आहे. तेथील काजूच्या मळ्यांवर ढेकण्याच्या बंदोबस्तासाठी एंडोसल्फानची फवारणी विमानातून केली जात असे. 2000 सालापर्यंत ती चालली. डोंगरावर पडलेले विष झऱ्यांत व विहिरींत उतरले आणि त्या गावांतील जन्मजात व्यंगे व दीर्घ आजार यांच्या तक्रारी देशभर गाजल्या. अखेर मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर देशभर थांबविला. चोपड्यासारख्या गावात काजूचा डोंगर वर आणि वस्ती, विहिरी व खाजने खाली आहेत. डोंगरावर जे शिंपडले जाईल ते पावसाबरोबर खालीच येणार, हे ध्यानात ठेवावे.

पुष्कळ घरांत आणि काही कार्यालयांतही जुन्या पुस्तिका अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत एंडोसल्फान, कार्बारिल, मिथाइल पॅराथिऑन, फेंथिऑन अशी नावे आढळतात. यांपैकी शेवटच्या तीन औषधांवरही ऑगस्ट 2018 पासून देशात बंदी आहे. अशा पुस्तिकांतील किडींची वर्णने उपयोगी पडतील. औषधांची यादी मात्र वापरू नये. फवारणी अपरिहार्यच ठरली तर त्या पिकासाठी शासनाने नोंदविलेलेच कीटकनाशक कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने घ्यावे. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. काजू फुलोऱ्यावर असताना दिवसा फवारणी करू नये. काजूची फलधारणा कीटकांच्या परागवहनावर अवलंबून असते, आणि मधमाशी मेली तर कीड नसूनही बी धरत नाही.

त्याआधी करण्याजोगे सौम्य उपाय आहेत. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर द्रावण केले की पाच टक्के अर्क होतो. कोवळ्या पालवीवर तो शिंपडल्यास अळ्यांचे खाणे मंदावते व मादीही अंडी घालण्यास नाखूश असते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू असलेली औषधे पतंगवर्गीय अळ्यांच्या पोटात जाऊन काम करतात, मधमाश्यांना त्यांपासून सहसा बाधा होत नाही. या जिवाणूचे नाव जर्मनीतील थुरिंगिया प्रांतावरून पडले. पिठातील पतंगाच्या मेलेल्या अळ्यांतून तो तेथे 1911 च्या सुमारास वेगळा करण्यात आला.

आणि एक मदतनीस तर फुकटात राबतो. काजू व आंब्याची पाने शिवून गोल घरटी करणारे तांबडे हुमले सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांचा चावा झोंबतो म्हणून त्यांची घरटी जाळण्याची रीत आहे. परंतु हे हुमले अळ्या, ढेकण्या व इतर किडी पकडून नेतात. चीनमध्ये लिंबूवर्गीय फळांच्या बागांसाठी अशा मुंग्यांची घरटी पिशव्यांत भरून बाजारात विकली जात, असा उल्लेख इसवी सन 304 च्या सुमाराच्या एका चिनी ग्रंथात सापडतो. किडीनेच किडीचा बंदोबस्त करण्याचा हा जगातील सर्वांत जुना लिखित दाखला समजला जातो. जेथे बोंडू जमिनीवरून वेचावयाचे आहेत, तेथे झाडावरील हुमल्यांना हात लावण्याचे प्रयोजन नाही.

गावाने मिळून करावयाचे काम

पतंगाला बांध ठाऊक नसतो. एकाने जाळी काढली आणि शेजारचे भाट मालक परगावी असल्याने पडीक राहिले, तर तेथून पतंग पुन्हा येणार. पेडणे तालुक्यात अशी दुर्लक्षित भाटे व डोंगर आज कमी नाहीत. म्हणून आगरवाडा-चोपडे पंचायतीसारख्या ग्रामसंस्थांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा ठरवून काजूच्या बागांची एकत्रित पाहणी करावी. परगावी असलेल्या मालकांशी संपर्क साधून त्यांच्या बागांचीही सफाई करून घ्यावी. नारळासाठी हेच काम फेब्रुवारीत करावे. परोपजीवी माश्या सोडावयाच्या तर त्या सबंध वाड्यावर एकाच वेळी सोडल्या पाहिजेत. एका भाटात सोडून उपयोग अल्प.

शिक्षकांना या कामात मोलाचा वाटा उचलता येईल. शाळेच्या आवारातील एक काजू आणि एक आंबा निवडून पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा पाहणी करावी व वहीत नोंद ठेवावी: पालवी केव्हा फुटली, पहिले जाळे केव्हा दिसले, मोहोर केव्हा आला, पहिली बी केव्हा गळली. पंधरवड्यातून एकदा संध्याकाळी तासभर दिव्याखाली पाण्याची परात ठेवून कोणते पतंग येतात तेही पाहता येईल. रात्रभर असा दिवा ठेवू नये. त्यात उपकारक कीटकही मरतात. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर त्या गावाचे पतंगांचे पंचांग तयार होते. पावसाचे वेळापत्रक वर्षागणिक मागेपुढे होत असताना अशा स्थानिक पंचांगाची किंमत मोठी आहे. ऑक्टोबरअखेरपर्यंत पाऊस लांबला तर पालवीही लांबते, आणि तिच्याबरोबर कीडही. ठराविक तारखेला फवारणी करणाऱ्याचा नेम अशा वर्षी हमखास चुकतो.

अधिकाऱ्यांचे कर्तव्य असे की, शेतकऱ्याने आणलेली अळी किंवा किडलेली फांदी पाहूनच सल्ला द्यावा. नुसत्या तोंडी वर्णनावर औषध लिहून देऊ नये. ओळख पटत नसेल तर नमुना जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा किनारी कृषी संशोधन संस्थेकडे पाठवावा. काजू व आंब्यावर प्रदीर्घ काम केलेले वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र तर पेडण्याहून जवळच आहे. नमुना नेताना अळी तिच्या पानासह, भोके पाडलेल्या डबीत न्यावी, आणि झाड, जागा व तारीख चिठ्ठीवर लिहावी.

या सर्व विवेचनाचा सारांश थोडक्यात सांगता येईल. चवथीच्या सुमारास खोडे पाहावीत. दिवाळीच्या सुमारास काजू-आंब्याची पालवी पाहावी. नाताळपासून मोहोर पाहावा. शिगम्याच्या दिवसांत झाडाखालची गळ उचलावी व माडाच्या झावळा उलटून पाहाव्यात. पावसाळ्यात बांधावरच्या वेलींकडे नजर असावी. यांपैकी एकाही कामाला मोठा पैसा लागत नाही. लागतो तो वेळेवर बागेत टाकलेला फेरा. हा फेरा नेमाने पडू लागला तर काजूचा तीन महिन्यांचा हंगाम अधिक भरवशाचा होईल, आणि डोंगरावरून विहिरीत उतरणारे पाणीही निर्मळ राहील.